सिरक्याची साय

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी मुलाच्या कंपनीतली चार माणसं आमच्याकडं गारखेड्याला जेवायला आली होती. ती गेली तेव्हा माझ्या फ्रिजच्या दारात, ताकाच्या बरणीला खेटून, अर्धी बाटली लाल वाइन उभी होती. पाहुण्यांनी थोडी घेतली, मुलानं आणि सुनेनं एकेक पेला घेतला, बाकी तशीच राहिली. मी त्या दुपारी स्वयंपाकघराबाहेर आलेच नाही. रागावले वगैरे नव्हते. आपल्या घरात बाटली उघडलेली आपण पाहिली नाही असं म्हणता यावं, एवढीच सोय मी करून घेतली होती.

आठ दिवसांनी सून फ्रिज पुसायला बसली. तिनं बाटलीचं बूच काढून वास घेतला, नाक मुरडलं आणि सिंककडं निघाली.

“ओतू नको!” मी मेथी निवडता निवडता ओरडले.

ती थबकली. “आई, तुम्हाला हवीय का?”

“चल, चावट कुठली! ओतू नको म्हटलं, पिते म्हटलं का?”

“मग करायचं काय तिचं? आंबट झालीय. आता कुणी पिणार नाही.”

“बघते मी. ठेव तिथं.”

आता हे ‘बघते मी’ आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी देवगाव रंगारीची, शेतकऱ्याच्या घरातली. डाळीचं पाणी आमटीला, तांदळाचं धुवण म्हशीला, लुगडं विरलं की गोधडीला, आणि गोधडीही विरली की तिचे तुकडे चुलीपुढं बसायला. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढचं वाचन किराणा बांधून आलेल्या कागदांवर. कागद सरळ करायचा, वाचायचा, घडी घालून ठेवायचा. त्यामुळं माझ्या डोक्यात पुष्कळ गोष्टी अर्ध्याच आहेत, कुणीतरी मधेच फाडल्यासारख्या. पण फेकलं मात्र कधी काही नाही. या गोष्टीचा मला गर्व होता. होता म्हणते, आता राहिला नाही.

तर त्या अर्ध्या बाटलीला मी कामाला लावलं. एका वाटीत दोन चमचे वाइन, वर भांड्यांच्या साबणाचा थेंब, आणि वाटी केळ्यांच्या फणीजवळ. दुसऱ्या दिवशी सगळी चिलटं वाटीत. करपलेल्या कढईत थोडी ओतून उकळली, कढई निघाली लख्ख. तांब्याची परात मीठ आणि वाइन लावून घासली. देवाची भांडी मात्र वेगळी ठेवली. तेवढं कळत होतं मला. कढीपत्त्याच्या बुडाशी दोन झाकणं ओतून पाहिली, तर अर्ध्या तासात मुंग्यांची जत्रा. संध्याकाळी मुलानं ती पाहिली आणि म्हणाला, “आई, मुंग्यांना घरी सोडायला कुणी जाणार का? चालवत नाय त्यांना.”

सुनेनं एक पळी मटणाच्या रश्श्यात घातली. सगळ्यांनी बोटं चाटली. मी त्या दिवशी पिठलं-भाकरी खाल्ली.

एवढं करूनही बाटलीत दीड पेला उरलाच. मग सून मोबाइलवर बघून म्हणाली, “आई, हिचं व्हिनेगर होतं म्हणे घरी. पाणी घालून उघडं ठेवायचं. पण आधीच्या व्हिनेगरवरची साय लागते, विरजणासारखी.”

व्हिनेगर म्हणजे आपला सिरका. आणि सिरका म्हटलं की मला एकच घर आठवतं, आपाचं.

आपा म्हणजे माझी मैत्रीण. ती मला ताई म्हणते, मी तिला आपा म्हणते, दोघींत मोठी कोण ते आजपर्यंत ठरलेलं नाही. लग्नानंतरची नऊ वर्षं आम्ही एका अंगणात भाड्यानं राहिलो. खोल्या समोरासमोर, नळ एकच. माझा मुलगा निम्मा तिच्या मांडीवर वाढला. तिच्या दोन्ही मुली माझ्याकडून वेण्या घालून शाळेत जायच्या. पुढं आम्ही गारखेड्याला आलो, ती शहागंजकडं गेली, पण पंधरा दिवसांनी एकमेकींकडं जाणं काही सुटलं नाही.

खाण्यापिण्याचं आमच्यात कधी बोलायची वेळ आली नाही. श्रावणात मी तिच्याकडं गेले की ती माळ्यावरचं वेगळं पातेलं काढायची. तिच्या सासूबाई असताना एकदा त्यांनी चुकून मटणाचा डाव त्या पातेल्यात घातला, तर आपानं अख्खी डाळ बाजूला केली आणि माझ्यासाठी दुसरी टाकली. हे मला तिच्या मुलीनं सांगितलं, तेही पुष्कळ वर्षांनी. आपा बोलली नव्हती. माझ्याकडं ती आली की पानात वाढलेलं खायची. हे काय, ते कशातलं, असं तिनं कधी विचारलं नाही. विचारायचं कशाला? मी होते ना.

तिच्याकडं चिनीमातीची एक बरणी असायची, खांद्याला टवका उडालेली. तिच्यात उसाच्या रसाचा सिरका. तिची आई सिल्लोडची. लग्नात तिनं दागिना फार दिला नाही, पण सिरक्यावरची साय एका डब्यात घालून मुलीबरोबर पाठवली होती. दर हिवाळ्यात आपा त्यात ताजा रस घालायची, मलमलचं फडकं बांधायची, आणि वर जाड, गुळगुळीत, नारळातल्या मलईसारखी साय धरायची. ती सायीला नुसती ‘अम्मी’ म्हणायची. “जरा सरक, अम्मी को धक्का लगेगा.” तिच्या घरी मटणाचा खलिया असला की त्या सिरक्यातला कांदा आणि आलं ताटात असायचंच. आई जाऊन वीस-बावीस वर्षं झाली असतील, पण कांदा तोंडात टाकला की आपा डोळे मिटायची.

मी तिला फोन लावला.

“आपा, सिरका लावायचाय गं. तुझी साय देतेस का थोडी?”

“अल्ला! इतने साल के बाद अक्कल आई तेरेकू? कायचा लावते?”

“आहे थोडं द्राक्षाचं.”

“द्राक्षाचा लई चांगला होतो. मी आणते उद्या. तू रिक्षानं आलीस तर सांडशील.”

द्राक्षाचं म्हणाले मी. खोटं म्हणाले का? वाइन द्राक्षाचीच असते. त्या दिवशी स्वतःला हेच सांगितलं, आणि असलं सांगणं मनाला लगेच पटतं.

दुसऱ्या दिवशी ती स्टीलचा डबा पदरात धरून आली, लहान मूल आणावं तसा. आत तळहाताएवढा सायीचा तुकडा आणि बुडेल एवढा सिरका. मी डबा घेतला. बरणी आत कपाटात होती, वाइनमध्ये पाणी घालून तयार. आपा बाहेर सुनेशी बोलत बसली होती. साय मी चमच्यावर घेतली आणि माझा हात थांबला. पुढं मी सगळ्यांना सांगत आले की माझ्या लक्षातच आलं नाही. पण लिहायला बसलेच आहे तर खरं लिहिते. लक्षात आलं होतं. हात थांबला तो उगाच नव्हता. आपाच्या आईची वस्तू आपण कशात सोडतोय, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मग वाटलं, आपल्याच घरात वापरायचंय, तिच्या घरात कुठं जाणार आहे? सोडली. फडकं बांधलं. चहा घेऊन बाहेर गेले.

दोन महिन्यांत सिरका असा झाला की काय सांगू. आधीचा तो वाइनचा दर्प गेला, नाकाला झोंबणारा स्वच्छ आंबट वास आला. रंग जांभळट लाल, वर नवी साय. मी कांदे घातले, आलं घातलं, हिरव्या मिरच्या उभ्या चिरून घातल्या. आणि मजा बघा, पिठल्याच्या दिवशी पाठ फिरवणारी मी, तो कांदा मिटक्या मारत खायला लागले. माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं होतं की दारू होती ती गेली, आता हा सिरका.

ईदच्या तिसऱ्या दिवशी आपा शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. मी मुगाची खिचडी, पापड आणि तो कांदा वाढला. ती यायच्या आधी कांद्याची वाटी मी दोनदा ओट्यावरून उचलून आत ठेवली होती. तिसऱ्यांदा पुन्हा बाहेर काढली. कशापायी? शाबासकी हवी होती, दुसरं काय.

तिनं एक फोड तोंडात टाकली. “माशाअल्ला! ताई, ये तो मेरे से अच्छा बना. लाल कसा गं?”

“काळी द्राक्षं होती.”

“अच्छा, अच्छा. सिरका खाना सुन्नत है, मालूम तेरेकू? हुजूर को, पैगंबरसाहब को पसंद था.” आणि तिनं आणखी चार फोडी घेतल्या.

सून दारात पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पापड मोडत राहिले.

आपा गेल्यावर सून म्हणाली, “आई, तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?”

“अगं, आता सिरका आहे तो. दारू राहिली कुठं त्यात?”

“मग सांगायला काय हरकत होती?”

मी खरकटी ताटं उचलली. सून चांगली आहे, तिनं पुन्हा विषय काढला नाही, पण ती वाटी मात्र तिनंच घासली आणि लई वेळ घासली.

इथंही थांबलं असतं तर एका जेवणाची चूक म्हणून मी ती पोटात घातली असती. पण मे महिन्यात एका सकाळी आपा अचानक आली. चप्पल दारात कशीही टाकलेली, डोळे सुजलेले. सोफ्यावर बसली आणि रडायलाच लागली. मला वाटलं घरात कुणाचं काही झालं.

“बहूनं बरणी धुतली,” ती म्हणाली. तिच्या मुलाचं लग्न नुकतंच झालं होतं.

“कुठली बरणी?”

“अम्मी की! घराला रंग लावला ना. सगळं सामान बाहेर काढलं होतं. तिला वाटलं आत काहीतरी सडलंय, बुरशी आलीय. गटारात ओतलं, बरणी घासली, धूप में उलटी रख दी. आणि मला काय म्हणते, अम्मीजान, देखो कैसी चमक रही.” ती रडता रडता हसली आणि पुन्हा रडली. “तिला काय बोलू? नवी पोरगी, मेहनत केली बिचारीनं. मी मोरीत जाऊन रडले.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. सिल्लोडला तिच्या माहेरी आता कुणी सिरका लावत नाही, भावजयीनं केव्हाच सोडलं, हे मला माहीत होतं. तिच्या बहिणीकडचाही गेला होता. आणि मग, ती बोलायच्या आत मला कळलं की ती माझ्याकडं कशाला आली आहे.

“रिक्षात बसले तेव्हा याद आलं,” ती म्हणाली. तिनं माझे दोन्ही हात धरले. “ताई, तेरे पास है ना! मैंने तेरेकू दी थी ना! अल्लानं मला बुद्धी दिली बघ तेव्हा.”

पिशवीतून तिनं काचेची नवी बरणी काढली.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. आजही मी त्या सोफ्यावर बसले की तो क्षण आठवतो. तोंड उघडलं होतं मी. “आपा,” इतकं म्हटलंही. ती माझ्याकडं बघत होती, नाक पुसत, लहान पोरीसारखी. सांगितलं असतं तर तिच्या आईचं जे काय उरलं होतं ते तिथंच संपलं असतं, माझ्या तोंडानं. आणि नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं?

“आपा, चहा टाकू का आधी?” मी म्हणाले.

मी कपाट उघडलं. बरणीवरचं फडकं सोडलं. साय चांगली जाड झाली होती, कडेला जांभळट. मी तिचा मोठा तुकडा कापून काचेच्या बरणीत सोडला. आपा शेजारी उभी राहून बघत होती. “बिस्मिल्ला,” ती हळूच म्हणाली. माझ्या हातातला चमचा तिच्या बरणीच्या काठावर वाजला.

जून गेला, जुलै गेला. आपा फोनवर सिरक्याच्याच गोष्टी सांगायची. रसवंतीवाल्याकडून बिनबर्फाचा रस आणला, दोनदा जुना काढून नवा घातला, रंग फिका पडत आला, आता अम्मीसारखाच दिसतो. मी हं हं म्हणायची. मला वाटायचं, दोनदा बदलला म्हणजे माझं त्यात उरलं तरी काय? पुन्हा वाटायचं, मग तिच्या आईचं तरी काय उरलं? एक पुसलं गेलं तर दुसरंही गेलं. आणि तिच्या आईचं राहिलंय असं मानायचं, तर माझंही राहिलंय. भांडी घासताना हेच. भाजी घेताना हेच. एकदा तर भाजीवाल्यानं विचारलं, “मावशी, वांगी बघताय का वाचताय?”

मुलाला एकदा विचारलं. तो म्हणाला, “आई, रसायनाच्या हिशोबानं त्यात अल्कोहोल राहत नाही. नसल्यासारखंच.” मला जरा बरं वाटलं. मग तो म्हणाला, “पण आपामावशीला सांगितलंयस ना?” झालं, बरं वाटलेलं तिथंच गेलं.

ऑगस्टमध्ये आपा आली ती हसत हसतच. पिशवीतून तिनं बाटली काढली, वर लाल कापड, दोऱ्यानं बांधलेलं.

“पहिला सिरका,” ती म्हणाली. “किसी को नै दिया अभी. पहिला तुझा हक. तुझ्यामुळं वाचली अम्मी. आता रविवारी सिल्लोडला जाते, भाईजानसाठी घेऊन. ते म्हणतात, मरायच्या आधी एकदा अम्मीच्या हातचा कांदा खायचाय.”

मी बाटली हातात घेतली नाही. तिनं ती टीपॉयवर ठेवली.

“काय झालं गं?”

तिच्या भावाला मी पाहिलं होतं. पाच वेळची नमाज, रमजानचा एक रोजा कधी सुटलेला नाही, आता गुडघ्यांमुळं खुर्चीवर बसून नमाज पढतात. त्यांच्या ताटात तो कांदा मला दिसला. मी सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. मुलाचे पाहुणे, अर्धी बाटली, ओतवेना, सुनेनं मोबाइलवर पाहिलं, सगळं उलटसुलट. शेवटी म्हणाले, “ते द्राक्षाचं म्हणजे वाइन होती, आपा. दारू.”

ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती, पण वेळ बघत नव्हती.

मग तिनं विचारलं, “मैंने जब खाया, ईद को, तब क्या था? शराब थी के सिरका?”

“सिरका. पक्का सिरका झाला होता.”

“आणि मला दिलीस ती साय?”

“त्यातलीच.”

“तू पण खाल्लास?”

“व्हय. रोज.”

तिनं मान हलवली. उठली, पदर सारखा केला. सून आतून चहाचा ट्रे घेऊन आली, तर तिच्या गालाला हात लावून म्हणाली, “बेटा, फिर कभी.” माझ्याकडं न बघता जिना उतरून गेली. बाटली टीपॉयवरच राहिली.

बारा दिवस तिचा फोन आला नाही. मी चारदा लावला, वाजून वाजून बंद झाला. नऊ वर्षं एका नळावर पाणी भरलं आम्ही, भांडणंही केली, पण रात्र होईपर्यंत एकीच्या घरातून दुसरीकडं वाटी गेली नाही असं कधी झालं नव्हतं. सून म्हणाली, “आपण जाऊ या का त्यांच्याकडं?” मला धीर झाला नाही. कुणाच्या घरात कोणत्या तोंडानं जायचं? त्या रविवारी ती सिल्लोडला गेली की नाही, गेली तर काय नेलं, भावाला काय सांगितलं, हेच मनात घोळत राहिलं.

तेराव्या दिवशी दुपारी बेल वाजली. आपा होती. काखेत काचेची बरणी, फडकं बांधलेली. चढून आल्यानं दम लागला होता. मी पाणी दिलं, ती प्यायली.

“मैंने पूछा,” ती म्हणाली. “आमच्या मामूंना. पढ़े-लिखे हैं, मजहब के मसले बताते हैं. ते बोलले, सिरका हो गया तो सिरका है. शराब नै रही. खा सकते. जायज है.”

माझ्या छातीवरचं ओझं इतक्या पटकन उतरलं की मी हसलेच. “मग गं आपा! मी तेच म्हणत होते…”

तिनं हात वर केला.

“जायज है. पण ताई, गले के नीचे नै उतरता.” तिनं स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं. “सिल्लोडला गेले तर खाली हाथ गेले. भाईजान दारात बघत होते, पिशवी में क्या है. मी बोलले, खराब झाला. झूठ बोलले. मामूंनी जायज सांगितल्यावर पण कांदा घालून बसले मी. तीन बार मुंह तक लाया.”

मी तिच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं.

“तू उस दिन बोलना था,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मी रोत आले होते ना, बरणी घेऊन, तब बोलना था. मी मामूंना तेव्हाच विचारलं असतं. वो जायज बोलते, तो शायद ले भी जाती मैं. पूछ के ले जाती. अम्मी की थी ना. तेव्हा उतरला असता गळ्याखाली.”

“मला वाटलं तुझं मन मोडेल.”

“मेरा मन…” तिनं पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “श्रावणात माझ्याकडं तुला कधी वाटलं का, डाव कुठला लागला असेल?”

“नाय.”

“हौ. मेरेकू भी नै लगा था कभी.”

सुनेनं चहा आणला, सोबत बशीत शंकरपाळे. आपानं चहा घेतला. शंकरपाळ्यांकडं तिचा हात गेला, बशीच्या काठाशी थांबला, आणि तिनं तो परत मांडीवर ठेवला. विचारलं काही नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मैदा, तूप, साखर, दूध, मी धडाधडा सांगून टाकलं असतं. न विचारता कसं सांगायचं?

जायला उठली तेव्हा तिनं बरणी उचलली आणि माझ्या ओट्यावर नेऊन ठेवली.

“ही तू ठेव.”

“आपा, असं नको करूस.”

“मग मैं क्या करूं? खाल्ली जात नाय. फेकायला हात उठत नाय, अम्मी की मलई है. मेरे घर में रखूं तो बहू रोज पूछती, अम्मीजान, इसका कांदा कायकू नै डालते?” तिनं फडक्याची गाठ उगाच घट्ट केली. “तुझ्या घरात काही फेकत नाहीत ना. रख.”

टोमणा होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता, थकवा होता. जिन्याच्या कठड्याला धरून ती हळूहळू उतरली. मी वरून म्हणाले, “फोन कर पोचल्यावर.” ती म्हणाली, “करती.” तासाभरानं फोन आलाही. पोचले, म्हणाली. ठेवला.

येते अजून ती. मीही जाते. हसतो, बोलतो, गुडघ्यांच्या तेलाची चौकशी करतो. ती माझ्याकडं पाणी घेते, चहा घेते, केळं दिलं तर सोलून खाते.

माझी स्वतःची लाल बरणी मी त्याच आठवड्यात रिकामी केली. मोरीत ओतली. कढईला नाही, परातीला नाही, कशालाच वापरली नाही, सरळ ओतली. सून बघत होती. लाल कापडाची बाटली अजून कपाटात आहे, दोरा न सोडलेली. आणि आपाची काचेची बरणी ओट्याच्या कोपऱ्यात, जिथं ती ठेवून गेली तिथंच. महिन्यातून एकदा मी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून पेलाभर उसाचा रस आणते, बर्फ न घालता, आणि फडकं सोडून हळूच कडेनं ओतते, सायीला धक्का न लावता. रसवंतीवाला विचारतो, “मावशी, शुगर आहे ना तुम्हाला? रस कोणाला?” मी म्हणते, पाहुण्यांना.